दोन चित्रांच्या मधलं: अजिंठा, फाळके, ब्लेंडर आणि आपण

[पडद्यावर: अजिंठा, 17 नंबरची लेणी. कॅमेरा व्हरांड्यातल्या भिंतीवरून हळूहळू सरकतोय.]

नीट बघा. हा जातककथेतला राजपुत्र विश्वंतर, बायको मद्रीसोबत मंडपात बसलाय. आता जरा बाजूला नजर न्या, तेच दोघं परत दिसतात, उठून निघालेत, वर छत्री धरलीय, राजवाडा सोडून बाहेर चाललेत. मधे चौकट नाही, रेघ नाही, एकाच भिंतीवर तोच माणूस दोनदा, कारण तोवर गोष्ट पुढं गेली. साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचं काम आहे हे.

आता आपल्या भागात बरेच जण अभिमानानं सांगतात की जगातलं पहिलं ॲनिमेशन अजिंठ्यात झालं. मला ते पटत नाही, आणि अजिंठ्याला असल्या सर्टिफिकेटची गरज पण नाही. भिंतीवरचं चित्र जागेवर राहतं अन् आपली नजर चालते, ॲनिमेशनमधे आपण जागेवर बसतो अन् चित्रं बदलत जातात. त्याच्या जास्त जवळचं काही असेल तर ते पैठणचं. पैठण शैलीची चित्रं म्हणतात ना, ती. चित्रकथी लोक कागदावरची चित्रं एकामागं एक समोर धरायचे अन् रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायचे, चित्र बदललं की प्रसंग बदलला. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ही चित्रं बघायला मिळतात. पण तिथं पण एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत काय घडलं ते गाणाऱ्याच्या आवाजात होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. ॲनिमेशनचा सगळा खेळ त्या मधल्या भागातच आहे, अन् हेच आज सांगायचंय.

[पडद्यावर: आरशासमोर फिरणारी पुठ्ठ्याची चकती.]

1832 साल. बेल्जियममधे जोसेफ प्लॅटोनं एक गोल चकती बनवली, तिच्यावर एकाच आकृतीची थोडी थोडी बदलत जाणारी चित्रं, अन् चकतीला बारीक फटी. आरशासमोर उभं राहायचं, चकती फिरवायची, फटीतून आरशात बघायचं, की आकृती हलायला लागते. ऑस्ट्रियात सायमन स्टॅम्फरनं पण त्याच सुमारास हेच केलं, दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. यात फट सगळ्यात महत्त्वाची. फट नसली तर नुसता रंगाचा चट्टा दिसतो, कारण एक चित्र संपून दुसरं येताना मधे क्षणभर काहीच दिसायला नको. शाळेत आपल्याला दृष्टिसातत्य म्हणून शिकवलं, की चित्र डोळ्यावर थोडा वेळ राहतं. ते खरंय, पण तेवढ्यानं भागत नाही. हालचाल जोडायचं काम मेंदू करतो, 1912 मधे मॅक्स वर्टहायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं त्यावर प्रयोग मांडले. पुढं प्लॅटोची दृष्टी पूर्ण गेली. तरी तो काम करतच राहिला, दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघून प्रयोग करत राहिला, हे मला फार मोठं वाटतं.

पुढं झोएट्रोप आला, म्हणजे फटींतून आतली चित्रं बघायचा फिरता डबा, 1868 मधे फ्लिपबुकचं पेटंट झालं. आपण वहीच्या कोपऱ्यावर काढून फर्रकन पानं सोडतो तेच ते. पण थांबून बघावा असा माणूस म्हणजे फ्रान्सचा एमिल रेनो. 28 ऑक्टोबर 1892 ला पॅरिसमधे त्यानं लोकांसमोर पडद्यावर हलती चित्रं दाखवली, ल्युमिए बंधूंच्या सिनेमाच्या तीन वर्षं आधी. हातानं रंगवलेली साधारण पाचशे चित्रं, एका लांब पट्टीवर. आता पाचशे चित्रं आजच्या हिशोबानं सरळ पळवली तर वीसेक सेकंदांत संपतात, अन् याचा खेळ चालायचा पंधरा मिनिटं. कसा? तर पट्टी तो स्वतः हातानं फिरवायचा, मधेच थांबायचा, मागं घ्यायचा, परत पुढं सोडायचा, लोक हसले तर तोच प्रसंग पुन्हा. म्हणजे चित्र कुठलं यापेक्षा ते किती वेळ राहतं अन् पुढचं कधी येतं हे त्याच्या हातात होतं. नंतर सिनेमा आला, गर्दी तिकडं गेली, अन् या माणसानं शेवटी आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकून दिल्या. आज जगभर 28 ऑक्टोबर हा ॲनिमेशन दिन म्हणून पाळतात तो याच खेळाच्या आठवणीत.

[पडद्यावर: कुंडीतला वाटाण्याचा कोंब, फ्रेम-फ्रेम करून वाढताना.]

अन् आपल्याकडं? आपल्याकडं दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधी त्यांनी वाटाणा पेरून त्याचा कोंब फुटून वेल कसा होतो ते थोडं थोडं करून कॅमेऱ्यात घेतलं होतं, 'अंकुराची वाढ', अन् ती छोटी फिल्म दाखवून पहिल्या सिनेमासाठी पैसे उभे केले. नंतर 1915 मधे काड्यापेटीच्या काड्या फ्रेम-फ्रेम सरकवून केलेली 'आगकाड्यांची मौज'. काडी ठेवायची, एक फ्रेम घ्यायची, जरा सरकवायची, परत एक फ्रेम. आज मोबाईलवर स्टॉप मोशन करणारी आपली पोरं नेमकं हेच करायलेत, अन् हे काम नाशिककडच्या एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय हे त्यांना कुणी सांगतच नाही.

तिकडं बाहेर एमिल कोलनं 1908 मधे जवळपास सातशे चित्रांची फिल्म केली, विन्सर मॅके हा व्यंगचित्रकार आला, 1914 मधे अर्ल हर्डनं पारदर्शक सेलचं, म्हणजे चित्र काढायच्या आरपार दिसणाऱ्या शीटचं, पेटंट घेतलं म्हणून मागचा देखावा दरवेळी नव्यानं काढायची कटकट गेली. मग डिस्ने. डिस्नेवर बोलणारे पुष्कळ आहेत, आपण पुढं जाऊ.

1956 मधे सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईच्या कार्टून विभागात डिस्नेत काम केलेला क्लेअर वीक्स शिकवायला आला, हा जन्मानं इथलाच, भारतातला. त्याच्या हाताखाली आपली पहिली फळी तयार झाली, राम मोहन त्यातलेच. या विभागानं पुढच्याच वर्षी 'द बनियन डिअर' केली, अन् गोष्ट कुठली घेतली तर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांची गोष्ट. अजिंठ्याच्या भिंतीवर ज्या कथा, त्याच परंपरेतली. मग 1974 ची 'एक अनेक और एकता', ती चिडियावाली, दूरदर्शनवर बघून अर्धा देश मोठा झाला. ती दिग्दर्शित केली विजया मुळे यांनी, मुंबईच्या मराठी बाई, अन् ॲनिमेशन भीमसेन यांचं. साध्या रेघा, थोडी चित्रं, पण चिमण्या जाळ्यासकट उडतात तेव्हा आपण पण उडतो.

[पडद्यावर: कॉम्प्युटरच्या पडद्यावर तारांच्या जाळीचा हात, बोटं मिटतायत.]

कॉम्प्युटरचं खरं सुरू होतं 1963 पासून, आयव्हन सदरलँडनं एमआयटीत स्केचपॅड केलं, पडद्यावर लाईट पेननं थेट रेघ काढायची सोय. 1972 मधे युटा विद्यापीठात एड कॅटमल अन् फ्रेड पार्क यांनी स्वतः कॅटमलच्या डाव्या हाताचा साचा घेऊन तो कॉम्प्युटरमधे हलवला. अन् कॅनडात नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाईन यांनी जे केलं त्यावर आपण आज पण जगतोय: कलाकारानं मुख्य चित्रं द्यायची, मधली कॉम्प्युटर भरणार. कीफ्रेम. त्यावर 1974 मधे पीटर फोल्डेसची 'हंगर' झाली अन् ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली.

इथंच सगळ्यात मोठा घोळ पण सुरू झाला. मधली चित्रं कॉम्प्युटर भरतो म्हणल्यावर लोकांना वाटलं की मधल्याचा विचार करायची गरज संपली. नाही संपली. 1986 मधे जॉन लॅसेटरनं पिक्सारमधे दोन टेबललॅम्पची छोटी फिल्म केली, त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, तरी कुठला मोठा अन् कुठलं लेकरू ते लगेच कळतं, कारण मोठा सावकाश वळतो अन् छोटं उड्या मारतं. 1995 चा 'टॉय स्टोरी', पूर्ण कॉम्प्युटरवर केलेला पहिला मोठा सिनेमा, तो या समजुतीवर उभाय. कॉम्प्युटरला दोन टोकं दिली की तो मधलं भरतो, पण कसं भरायचं ते आपणच सांगायचं असतं.

[पडद्यावर: चौकोनी वही, पट्टी, पेन्सिल. फक्त हात दिसतात.]

म्हणून शिकायला कॉम्प्युटरच्या आधी वही घ्या. पानावर उभी 16 सेंटिमीटरची रेघ मारा. एक चेंडू वरून सोडलाय असं समजा. शून्यावर एक खूण, मग 1 सेंटिमीटरवर, मग 4, मग 9, मग 16. झाल्या पाच खुणा, प्रत्येक खुणेवर एक चेंडू काढा. मधली अंतरं बघा: 1, 3, 5, 7. पडणारी वस्तू सारख्या वेळात याच प्रमाणात जास्त जास्त अंतर कापते, हे गॅलिलिओनं दाखवून दिलंय. आता सेकंदाला 24 फ्रेमचा हिशोब धरा, प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवा, तर वरून खाली यायला 8 फ्रेम लागतात, म्हणजे सेकंदाचा तिसरा भाग. खऱ्या दुनियेत तेवढ्या वेळात चेंडू साधारण अर्धा मीटर पडतो. म्हणजे तुमच्या वहीतला चेंडू अर्ध्या मीटरवरून पडलाय, टेबलावरून पडलेल्या टेनिस बॉलपेक्षा जरा कमी. ही पाच चित्रं हलताना एकदा बघा, वजन आल्यासारखं वाटतं. अन् तीच पाच चित्रं सारख्या अंतरावर काढून बघा, चेंडू मेलेला वाटतो. चित्र तेच, फक्त मधलं बदललं.

टेकताना चपटा, टेकायच्या आधी जरा लांबट, हे स्क्वॅश अन् स्ट्रेच. पण चपटा केला की रुंद पण करा, नाहीतर चेंडू लहान झाल्यासारखा दिसतो. अन् चपटा फक्त जमिनीला लागल्यावरच, एक फ्रेम आधी नाही.

आता ब्लेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर. हॉलंडच्या टॉन रोसेंडालनं सुरू केलेलं, 2002 मधे लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले म्हणून ते सगळ्यांसाठी मोकळं झालं, आज फुकट मिळतं. गोळा घ्या, वर ठेवा, आय दाबून कीफ्रेम लावा, फ्रेम 9 वर जमिनीला टेकवा, परत आय, फ्रेम 17 वर जरा कमी उंचीवर, परत आय. स्पेस दाबा. बॉल जमिनीजवळ येताना पण हळू होतो, पाण्यात सोडल्यासारखा. नवीन माणूस इथंच अडकतो अन् सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. ब्लेंडर स्वतःहून प्रत्येक टोकाला वेग हळू करतं. ग्राफ एडिटर, म्हणजे हालचालीची वक्ररेषा दाखवणारी खिडकी, उघडा, जमिनीवरची कीफ्रेम धरा, व्ही दाबून व्हेक्टर करा, वक्ररेषेला तिथं टोक येतं. बॉल आपटतो. हे ज्याला समजलं त्याला ग्राफ एडिटरची भीती राहत नाही.

लॅपटॉप जुना असेल तर पेन्सिल टूडी किंवा क्रिटा घ्या, दोन्ही फुकट. अनियन स्किन चालू करा, मागचं चित्र फिकट दिसत राहतं, अंतर मोजायला बरं पडतं.

[पडद्यावर: दुपारचा वारा, ज्वारीचं उभं पीक.]

चेंडू जमला की ज्वारी. थंडीच्या दिवसांत हुरड्याला जाता ना, तेव्हा एकच ताट निवडा अन् मोबाईलवर शूट करा, नंतर हळू करून बघा. ताट आधी झुकतं, कणीस मागून येतं. ताट परत सरळ व्हायला लागलं तरी कणीस अजून तिकडंच जायलंय. पानं आणखी उशिरा. सगळं एकाच फ्रेमला थांबवलं तर ते प्लॅस्टिकचं दिसतं. म्हणून ताटाची कीफ्रेम आधी, कणसाची दोन-तीन फ्रेम उशिरा, पानांची त्याच्या पण नंतर. केस, पदर, शेपूट, सगळं याच हिशोबानं हलतं.

मग चालणं. माणसाच्या एका पावलात चार चित्रं: पाय टेकला, अंग खाली गेलं, दुसरा पाय बाजूनं पुढं आला, अंग वर उचललं. साधारण 12 फ्रेमला एक पाऊल. डोकं पूर्ण वेळ एकाच उंचीवर ठेवलं तर माणूस सरकतोय असं वाटतं.

बैल अवघड. लई अवघड. चार पाय अन् त्यांचा क्रम: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. पोळ्याच्या दिवशी वेशीत जोड्या येतात, रंगवलेली शिंगं अन् झुली सगळेच बघतात, तुम्ही खाली खुरांकडं बघा. घोड्याचं पण असंच होतं, पळताना चारी पाय एकदम अधांतरी असतात का हे कुणाला सांगता येईना, 1878 मधे मायब्रिजनं कॅलिफोर्नियात रांगेनं कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कळलं की असतात, पण पाय ताणलेले असताना नाही तर पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी पिढ्यानपिढ्या चित्रकार ते उलटंच काढत आले होते.

एक कामाची गोष्ट, आपल्या भागासाठी खास. रेंडर करताना, म्हणजे कॉम्प्युटरकडून शेवटची चित्रं तयार करून घेताना, थेट व्हिडिओ फाईल करू नका, एकेक फ्रेम पीएनजी, म्हणजे सुट्या चित्राची फाईल, करून काढा. मधेच लाईट गेली तर व्हिडिओची फाईल वाया जाते, पीएनजी जेवढ्या झाल्या तेवढ्या राहतात, लाईट आली की पुढच्या नंबरपासून चालू करायचं.

अन् पुण्या-मुंबईत भारी स्टुडिओ नसेल तर काही होत नाही असं कुणी म्हणलं तर त्याला लॅटव्हियाचं सांगा. अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या बीड जिल्ह्यापेक्षा कमी. तिथल्या गिंट्स झिलबालोडिसनं एका मांजराचा सिनेमा केला, 'फ्लो', एकही संवाद नाही, सगळा ब्लेंडरमधे, अन् 2025 मधे ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलं. त्याआधीचा सिनेमा तर त्यानं एकट्यानं केला होता.

तुम्ही एकदम सिनेमा करू नका. दहा सेकंद करा. 240 फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर 120 चित्रं, रोज दहा काढली तर बारा दिवसांचं काम. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एखादी ओवी किंवा हुमान मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, आवाज आधी टाइमलाइनवर टाका, कुठल्या फ्रेमला कुठला शब्द येतो ते लिहून काढा, अन् मग पहिलं चित्र काढायला घ्या.