वडापावच्या तेलापासून सुरू करू या

(दादरच्या एका वाचनालयात झालेलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं)

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? ठीक. तर जगाच्या राजकारणावर मराठीत व्हिडिओ सिरीज करायची असं आम्ही दोघींनी ठरवलं, मी लिहिणार आणि बोलणार, मैत्रीण एडिटिंग करणार, ती डोंबिवलीला राहते त्यामुळे अर्धं प्लॅनिंग लोकलमध्येच झालंय. कोणाचा पैसा नाही, स्पॉन्सर नाही. अजून एकही एपिसोड लोकांसमोर टाकलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आज प्लॅनबद्दल बोलायचंय, आणि प्लॅन कसा फसला त्याबद्दल जास्त.

पहिला पायलट आम्ही केला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर. बावीस मिनिटं. सगळं बरोबर होतं हो त्यात, १९४५ साली स्थापना, पंधरा सदस्य, त्यातले पाच कायमचे, १९६५ पर्यंत एकूण अकराच होते, नकाराधिकार म्हणजे काय, म्हणजे त्या पाचांपैकी एकाने 'नाही' म्हटलं की ठराव अडतो तो, आणि गैरहजर राहिलं तर काय होतं, तर रशिया म्हणजे तेव्हाचा सोव्हिएत संघ १९५० मध्ये बहिष्कार टाकून बसला होता आणि नेमका तेव्हाच कोरियात सैन्य पाठवायचा ठराव पास झाला, अडवायला तो तिथे नव्हताच. मला वाटलं काय भारी गोष्ट आहे. आत्याला दाखवला. कोरिया यायच्या आधीच आत्या झोपली. उठल्यावर म्हणाली, "छान बोलतेस गं, पण मला का सांगतेयस हे?"

तो प्रश्न आम्ही दोन आठवडे चघळला. मराठीत या विषयावर जे बघायला मिळतं ते एक तर परीक्षेच्या तयारीचं असतं, मुद्दे एक ते दहा, नाहीतर आरडाओरडा, अमुक देशाला घाम फुटला, तमुक हादरला. रोज कोण ना कोण हादरतच असतं. आत्यासारख्या माणसासाठी, जी रोज पेपर पहिल्या पानापासून वाचते, तिच्यासाठी काहीच नाही.

मग नियम ठरला. प्रत्येक एपिसोड मुंबईतल्या अशा वस्तूपासून सुरू करायचा जी बघणाऱ्याने हातात धरलीय. आता वडापाव घ्या. बऱ्याच गाड्यांवर तो पामोलिनमध्ये तळतात, आणि पाम तेल आपल्याकडे मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान महाथीर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरवर बोलले, इकडे नाराजी झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये भारताने रिफाइंड पाम तेलाची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येणार नाही. नाव कोणाचं घेतलं नाही, पण कळायचं त्यांना कळलं. पुढे २०२२ ला युक्रेनचं युद्ध, सूर्यफूल तेल अडकलं, सगळ्यांची नजर पामवर, आणि इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल महाग पडतंय म्हणून २८ एप्रिलला निर्यातच थांबवली. २३ मे ला परत सुरू केली. जेमतेम साडेतीन आठवडे. म्हणजे बघा, एकाने आयातीची यादी वापरली, दुसऱ्याने निर्यातीचा दरवाजा लावला, आणि मध्ये आपली कढई.

पण यात एक खड्डा आहे आणि त्यात आम्ही पडलो. सगळं "आपल्याला किती महाग पडलं" इथेच येऊन थांबायला लागलं. इंडोनेशियातला शेतकरी, ज्याची पामची फळं बंदीच्या काळात कवडीमोलाने गेली, तो कुठेच नाही! म्हणून दुसरा नियम, एपिसोड मुंबईत सुरू झाला तरी मुंबईत संपता कामा नये, शेवटची तीन मिनिटं तिकडच्या माणसाची.

माझा सगळ्यात लाडका एपिसोड चौथा आहे, तो जरा सविस्तर सांगते. कुवेत, बहरीन, कतार, दुबई इथे एके काळी आपला रुपया चालायचा. बाजारातलं रोजचं चलनच ते. ब्रिटिशांच्या काळापासूनची सवय, १९४७ नंतरही चालू राहिली. आता गंमत काय होती, तिकडे सोनं स्वस्त, इकडे महाग. मग स्मगलर काय करायचे, इथून रुपयांच्या नोटा तिकडे न्यायचे, सोनं घ्यायचे, गलबतातून या किनाऱ्याला आणायचे. त्या नोटा तिकडच्या बँकांत जमा व्हायच्या आणि बँका त्या रिझर्व्ह बँकेकडे पाठवून बदल्यात पौंड मागायच्या. थोडक्यात, सोनं चोरीचं आणि बिल सरकारी! म्हणून १९५९ मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्याच नोटा छापल्या, भारतात न चालणाऱ्या. रिझर्व्ह बँक म्हणजे आपली फोर्टातली, इथून दोन ट्रेन बदलायचीही गरज नाही. मग कुवेतने १९६१ ला स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ ला, आणि ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून थेट ७.५० रुपये, तेव्हा कतार, दुबई वगैरेंनीही रुपया सोडला. आपल्या घरच्या निर्णयाने त्यांच्या खिशातला पैसा एका दिवसात हलका झाला, का थांबतील ते? ओमान तेवढा १९७० पर्यंत राहिला. आज डॉलर, निर्बंध, दुसऱ्याच्या चलनावर अवलंबून राहणं यावर एवढी चर्चा होते, ती समजायला हे उदाहरण पुरतं, आणि यात तो 'दुसरा' आपण होतो.

नकाशांचं थोडक्यात सांगते. आपण शाळेत भिंतीवर बघितलेला नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा, १५६९ सालची पद्धत, जहाजवाल्यांना सोयीची, पण ध्रुवाकडचे देश फुगतात. ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतं, प्रत्यक्षात ते भारतापेक्षा लहान आहे. तेव्हा नकाशा आम्हीच काढतोय. आणि भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच, तसं न दाखवणं कायद्याने गुन्हा आहे, नेटवरून उचललेला कुठलाही नकाशा चिकटवून चालत नाही. (सामुद्रधुनी, म्हणजे दोन समुद्रांना जोडणारी चिंचोळी वाट, हा शब्दही आम्ही परत आणणार आहोत. दहावीनंतर कोणी उच्चारलेला नाही तो.)

फुटेजचं दुखणं वेगळं. पायलट टेस्टसाठी प्रायव्हेट ठेवून अपलोड केला होता, त्यात एका न्यूज चॅनलची नऊ सेकंदांची क्लिप होती, तासाभरात कॉपीराइट क्लेम. क्लेम आणि स्ट्राइक वेगळे हे तेव्हा कळलं, क्लेममध्ये बहुतेक करून कमाई जाते, स्ट्राइक मात्र नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनलच जातं. कायद्यात समीक्षेसाठी सवलत आहे, पण यूट्यूबच्या मशीनला कोण समजावणार. म्हणून आता स्वतः काढलेले नकाशे, जुने कॉपीराइट संपलेले फोटो, आणि माझे हात. हो, हात! टेबलावर नोट ठेवायची, तेलाची पिशवी ठेवायची आणि वरून शूट.

रेकॉर्डिंग रात्री एक ते चार, शेवटची लोकल गेल्यावर, कारण घर रुळांना लागून आहे. पंखा बंद, खिडकीला गादी उभी केलेली, मे महिन्यात तर विचारू नका. बारा मिनिटांना दीड हजार शब्द लागतात, आणि दहाच्या दहा स्क्रिप्ट लिहून झाल्याशिवाय पहिला एपिसोड टाकायचा नाही असं ठरलंय. रोजच्या बातमीमागे धावायला लागलो की आम्हीही आठवड्याला एकेक देश हादरवायला लागू, मला स्वतःची तेवढी खात्री नाही.

सहा स्क्रिप्ट झाल्यात. चौथी आत्याला वाचून दाखवली. या वेळी झोपली नाही, उलट मध्येच थांबवून म्हणाली, "म्हणजे आपलीच नोट आपल्याच देशात चालत नव्हती?" मैत्रिणीने मोबाईलवर ते रेकॉर्ड केलं होतं, आवाज जरा फाटलाय, मागे कुकरची शिट्टी आहे. एपिसोड त्याच आवाजाने सुरू होतो.