लेथचं वय बेडला विचारा

(पडद्यावर: लेथचं उजवं टोक. चिंधी घासल्याचा आवाज.)

जुना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणारं यंत्र, बघायला आलेला माणूस आधी डावीकडे जातो. तिथे हेडस्टॉकवर, म्हणजे तुकडा फिरवणाऱ्या भागावर, कंपनीचं नाव असतं, गिअरबॉक्सवर पितळी पाटी असते, बघण्यासारखं सगळं तिकडेच. आपण मात्र उजवीकडून सुरुवात करतोय. टेलस्टॉक, म्हणजे उजवीकडचा सरकता आधार, चकच्या (तुकडा धरणाऱ्या पकडीच्या) दिशेनं ढकलला की बेडचं, म्हणजे खालच्या लांब पायाचं, शेवटचं टोक मोकळं होतं. त्यावर ग्रीस आणि बुऱ्याचा जो काळा थर बसलाय, तो रॉकेलात भिजवलेल्या चिंधीनं पुसायचा. पॉलिश पेपर नको, वायर ब्रश तर अजिबात नको. आकडे आधीच अर्धे झिजलेले असतात, उरलेले आपल्याच हातानं जायचे.

हा लेथ साउथ बेंडचा आहे, नऊ इंची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाच्या गावात १९०६ साली सुरू झालेली ही कंपनी. तिचा अनुक्रमांक इथे, बेडच्या टोकाला, मार्गांच्या (सरकते भाग ज्यांवरून जातात त्या पट्ट्यांच्या) मधल्या सपाट जागेवर पंचानं ठोकलेला असतो. लेथचं वर्ष याच आकड्यावरून शोधतात. टॉर्च आडवा धरा, प्रकाश तिरपा पडू द्या. तरी वाचता येत नसेल तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच घासायची, आकडे कागदावर उमटतात.

अनुक्रमांक बेडवरच का? कारण लेथचा बाकी प्रत्येक भाग बोल्ट काढला की सुटतो. हेडस्टॉक सुटतो, हत्यार घेऊन सरकणारं सॅडल सुटतं, गिअरबॉक्स सुटतो. साठ-सत्तर वर्षांत हे भाग एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेलेले असतात. बेड मात्र सहसा कुणी बदलत नाही, कारण बेड बदलला म्हणजे लेथच बदलला.

एक चूक इथे हमखास होते. बीडाच्या ओतकामावर काही आकडे उठावदार असतात. कुणीतरी त्यांचाच फोटो काढतो आणि विचारतो, हा लेथ कुठल्या वर्षीचा? ते आकडे साच्याच्या नमुन्याचे. त्याच नमुन्यातून ओतलेल्या प्रत्येक तुकड्यावर तेच येणार. आपल्याला हवेत ते धातूत आत गेलेले, थोडे वाकडेतिकडे आकडे.

(पडद्यावर: गिअरबॉक्सची पाटी, मग लीड स्क्रू.)

आता मॉडेल. नऊ इंची साउथ बेंड ए, बी आणि सी अशा तीन प्रकारांत मिळायचा. सी सगळ्यात साधा. आटे पाडायचे तर चेंज गिअर, म्हणजे सुटी दातेरी चाकं, हातानं बदला, आणि क्रॉस स्लाइडला, म्हणजे हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाला, ऑटो फीड (आपोआप सरकणं) नाही. बी-ला क्रॉस स्लाइडचं ऑटो फीड आलं, पण गिअर अजून हातानंच बदलायचे. ए-ला दोन्ही: ऑटो फीडही आणि लिव्हर फिरवून पिच (आट्यांमधलं अंतर) निवडायचा गिअरबॉक्सही.

म्हणजे गिअरबॉक्स दिसला की ए? थांबा. सी-वर ए-चा गिअरबॉक्स चढवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. आणि गंमत अशी, की कॅटलॉग क्रमांक आणि बेडची लांबी सांगणारी पाटी त्या गिअरबॉक्सवरच असते! गिअरबॉक्ससोबत पाटीही आली, आणि पाटी बोलतेय भलत्याच लेथबद्दल. हे ओळखायचं सोपं आहे, टेप घ्या आणि बेड मोजा. हे बेड तीन, साडेतीन, चार आणि साडेचार फुटांचे असायचे. पाटी साडेतीन म्हणते आणि टेप तीन, तर खरं कोण बोलतंय ते उघड आहे. मग लीड स्क्रूही बघा, म्हणजे सॅडल ओढणारा तो लांब स्क्रू. ऑटो फीडच्या एप्रनला, म्हणजे सॅडलच्या पुढच्या पेटीला, त्या स्क्रूवर लांबीभर खाच लागते. खाच नसेल, तर पुढे गिअरबॉक्स असला तरी हा पूर्ण ए नव्हे.

मोजायचंच आहे तर आणखी एक घोळ सांगून टाकतो. अमेरिकेत नऊ इंची म्हणजे बेडवर जास्तीत जास्त नऊ इंच व्यासाचा जॉब (कापायचा तुकडा) फिरेल. ब्रिटिश लोक सेंटरची, म्हणजे जॉब फिरतो त्या मध्यरेषेची, बेडपासूनची उंची सांगतात. त्यामुळे नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये १९४६ पासून बनलेला मायफोर्ड एमएल७ हा साडेतीन इंची म्हणवतो, आणि अमेरिकन हिशेबात तो सात इंची होतो. दोघंही बरोबर, फक्त तुलना करणारा फसतो. मायफोर्डवर अनुक्रमांकाआधी इंग्रजी के दिसला तर एमएल७ आणि एस-के दिसला तर सुपर ७.

काही वेळा नावच उसनं असतं. सिअर्स या दुकानानं क्राफ्ट्समन नावानं लेथ विकले, पण ते बनवायचे दुसरेच. मॉडेल क्रमांक १०१ नं सुरू झाला तर कारखाना मिशिगनमधल्या कॅलमझूच्या ॲटलासचा. सुटे भाग शोधताना ही एक गोष्ट ठाऊक असली की महिन्याची पायपीट वाचते.

आकडाच गेला असेल तर? मग अंगावरच्या खुणा. लिव्हरवाला गिअरबॉक्स वेंडेल नॉर्टननं १८९२ साली पेटंट केला, त्यामुळे मूळचा असा गिअरबॉक्स असलेला लेथ त्याआधीचा नाही. उलट अर्थ मात्र काढू नका. गिअरबॉक्स नाही म्हणजे फार जुना, असं नसतं. एमएल७ चेंज गिअरवरच विकला जायचा. यंत्र फिरवणाऱ्या सपाट पट्ट्याचंही तेच. पट्टा दिसला की लोकांना वाफेवरचा कारखाना आठवतो, पण साउथ बेंड दुसऱ्या महायुद्धानंतरही सपाट पट्ट्यांचे लेथ बनवत होती. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे युद्धकाळातली छोटी पाटी: या यंत्राचं रंगकाम अमेरिकी सरकारच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाच्या आदेशाप्रमाणे आहे, अशा अर्थाची. ते बोर्ड १९४२ ते १९४५ एवढंच होतं.

(पडद्यावर: ॲटलासचा हेडस्टॉक, उघडा. टिमकेन बेअरिंगचा जवळून फोटो.)

आणि हे बेअरिंग. ॲटलासच्या काही लेथमध्ये टिमकेन टेपर रोलर बेअरिंगवर बारीक कोरलेली तारीख सापडते. नुसत्या तारखेसाठी स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, उपसू नका. नाहीतरी उघडणारच असाल तेव्हा बघा. बेअरिंग मूळचं असेल, तर लेथ त्या तारखेनंतर जुळवला गेला. बदललेलं असेल, तर एवढंच कळतं, की त्या तारखेनंतर कधीतरी आपल्याआधी आणखी कुणीतरी हा स्पिंडल बाहेर काढला होता.