सहावी ते आठवी: शाळेत आता काय काय येतंय, आणि घरून काय करायचंय

नमस्कार मंडळी! गणपती झाले, आता सहामाहीची गडबड, आणि दिवाळीनंतर शाळेत कार्यक्रमांची रांगच लागते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते, आणि दरवर्षी पालकसभेत हेच ऐकते की मॅडम हे प्रदर्शन कशाला, ती परीक्षा कसली, याचे मार्क धरतात का. म्हणून म्हटलं आज निवांत बसून सगळं सांगावं, कारण यातल्या काही गोष्टींची तयारी शाळेत नाही, तुमच्या घरी होते, आणि ती आत्ताच करावी लागते.

आधी आठवीवाले, कारण त्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी आहे. एनएमएमएस नाव ऐकलंय का? केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, परीक्षा आठवीत असताना होते, आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरमध्ये. मूल निवडलं गेलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000, आणि ते थेट मुलाच्या खात्यात. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 जागा आहेत. सरकारी, अनुदानित आणि पालिका-झेडपीच्या शाळेतल्या मुलांसाठीच आहे ही, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला 55 टक्के, एससी-एसटीच्या मुलांना 50.

पेपर दोन असतात. एक बुद्धिमत्तेचा, एक शाळेतल्या विषयांचा, दोन्हींत 90 प्रश्न आणि दीड-दीड तास. विषयांच्या पेपरात विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20, त्यामुळे ज्या मुलाला गणिताची भीती वाटते त्याने नाव मागे घेऊ नका, इतिहास-भूगोल नीट वाचणारी मुलंही यात निघतात, मी बघितलंय.

आता घरची तयारी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, सेतूमध्ये अर्ज करून तो हातात यायला दिवस जातात, म्हणून फॉर्म सुटल्यावर नका धावू, या आठवड्यात जा. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव ताडून बघा, एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी पुढे पैसे अडकतात. आणि बँकेत खातं मुलाच्या नावाचं पाहिजे, तुमच्या नाही.

इथे एक गोष्ट सांगते, जी मला आजही लागून राहिलीय. माझ्या वर्गातली एक मुलगी, आई मजुरीला जायची, पोरगी कंदील घेऊन बसल्यासारखी अभ्यास करायची, यादीत नाव आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. नववीला वडिलांनी मोठ्या हौसेने तिला एका विनाअनुदानित शाळेत घातलं आणि शिष्यवृत्ती बंद पडली. नियमच तसा आहे, नववीनंतरही मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेतच असावं लागतं. त्यांना ते कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तेव्हापासून मी निवड झालेल्या प्रत्येक घरी जाऊन सांगते, शाळा बदलायच्या आधी विचारा, दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करा, आणि दहावीला 60 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, एससी-एसटीला 55, नाहीतर अकरावी-बारावीचे पैसे गेले.

बरं, खात्यावरून आठवलं. दहा वर्षांवरचं मूल स्वतःचं बचत खातं उघडू शकतं आणि वापरूही शकतं, रिझर्व्ह बँकेची त्याला परवानगी आहे, फक्त रकमेची मर्यादा बँक ठरवते. आम्ही गेल्या वर्षी सातवीला सरळ बँकेतच नेलं, स्लिप भरायला लावली, आकड्यात आणि अक्षरात रक्कम लिहायला लावली. अर्ध्या मुलांची अक्षरात लिहिताना दांडी उडाली, पण दुपारपर्यंत सगळ्यांना जमलं. हा आमचा एक दप्तराविना दिवस होता.

दप्तराविना दिवस म्हणजे सुट्टी नाही हं! 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच आहे की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तर न घेता सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा माणसांकडे जाऊन काम बघायचं, हाताने करायचं. आम्ही कुंभारवाड्यात गेलो होतो. मुलांनी माती मळली, लीद आणि राख का मिसळतात ते विचारलं, चाकावर हात बसेना म्हणून हसली, रुसली. एका मुलीने ओल्या मडक्याच्या तोंडाचं माप दोऱ्याने घेऊन ठेवलं, आणि आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, उघडल्यावर आम्ही परत गेलो तेव्हा तोच दोरा लावून बघितला तर मडकं आकसलेलं! मग वर्गात आम्ही किती टक्के आकसलं ते काढलं. टक्केवारीचं ते प्रकरण मी वीस वर्षं फळ्यावर शिकवतेय, पण त्या दिवसासारखे हात वर आलेले मला आठवत नाहीत. त्या दिवशी दोन-तीन मुलं घरीच राहिली, कारण घरून सांगितलं की आज काय अभ्यास नाही, गुरं सांभाळ. कृपा करून असं करू नका. आणि तुमच्यापैकी कुणी गवंडी, शिंपी, नर्स, वायरमन असाल तर शाळेत येऊन सांगा की माझ्याकडे पाठवा मुलांना, शाळेला खरंच अशी माणसं हवी असतात.

विज्ञानवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक इन्स्पायर मानक, म्हणजे मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना, सहावीपासूनच्या मुलांसाठी, शाळेकडून पाच कल्पना ऑनलाइन जातात आणि निवडलेल्या कल्पनेला मॉडेल करायला 10,000 रुपये मिळतात, पुन्हा मुलाच्याच खात्यात. इथे ज्वालामुखीचं तेच तेच मॉडेल चालत नाही, स्वतःला दिसलेली अडचण लागते. आमच्या एका मुलाने बघितलं की आजीच्या शेळ्या गव्हाणीत पाय घालून चारा तुडवतात, तर त्याने तिरक्या पट्ट्यांची गव्हाण काढली. निवड झाली नाही, पण ती गव्हाण त्यांच्या गोठ्यात आजही आहे. दुसरी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ घेतं, सहावी आणि नववीला, लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. प्रात्यक्षिकाला भिंग, तराजू हाताळलेलं मूल उठून दिसतं, म्हणून शाळेत प्रयोगशाळा बंद असेल तर ती उघडा म्हणून मागणी करा.

बाकी दिनविशेष आहेत. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 22 डिसेंबरला गणित दिन, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मग फेब्रुवारीत 27 ला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच 28 ला विज्ञान दिन. यांचं एकच सांगते, भाषण तुम्ही लिहून देऊ नका. मुलाने चार वाक्यं बोलली तरी चालतील, पण त्याची असू देत.

गॅदरिंगच्या ड्रेसवर हजार-हजार रुपये घालवायची गरज नाही, लेझीमला शाळेचा गणवेशही शोभतो.

आणि सहल. एसटी शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते, तरीसुद्धा संमतीपत्रं परत येतात तेव्हा मुलींची कमी असतात. सातवी-आठवीच्या मुली मला मधल्या सुट्टीत हळूच विचारतात, मॅडम तुम्ही पप्पांना फोन कराल का. मी करते. महिला शिक्षिका सोबत असतात, कुठे मुक्काम, किती वाजता परत, सगळं लेखी विचारा, तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर पटलं की सही करा. आमचं पत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात दप्तरातून येईल, त्या दिवशी दप्तर उघडून बघा.