गुणवाढीचा हिशेब कुणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की नागपुरात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम', खाली मुलामुलींचे पासपोर्ट फोटो, फोटोखाली टक्के. धरमपेठ असो की नंदनवन, मजकूर तोच. जाणारायेणारा तो वाचतो आणि मनाशी ठरवून टाकतो की शाळा चांगली, शिक्षक चांगले. ही मुलं त्या शाळेत आली तेव्हा त्यांना काय येत होतं, हे मात्र फ्लेक्सवर कधी लिहिलेलं नसतं. काही शाळा प्रवेशालाच चाळणी लावतात. काही शाळा नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईवडिलांना बोलावून हळूच सुचवतात, याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका, बाहेरून बसू द्या. मग निकाल शंभर टक्के लागला तर त्यात नवल ते काय!

आता शहराच्या कडेची एखादी महापालिकेची शाळा डोळ्यांसमोर आणा. आठवीत आलेल्या निम्म्या पोरांना भागाकार येत नाही. तिथल्या बाईंनी खपून, रविवारचे तास घेऊन, त्यांतल्या बऱ्याच जणांना दहावीला पन्नास टक्क्यांपर्यंत आणलं. निकाल लागला सत्तर टक्के. या बाईंचा फ्लेक्स कुणी लावणार नाही. निकाल कमी का, म्हणून खुलासा मागणारं पत्र येण्याचाच संभव जास्त.

हा अन्याय ज्यांना खुपला त्यांनी एक वेगळी मोजणी पुढे आणली. मूल कुठे पोचलं एवढंच पाहायचं नाही, ते कुठून निघालं आणि वर्षभरात किती पुढे सरकलं ते पाहायचं. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक चाचणी, मधला फरक म्हणजे गुणवाढ. ऐकायला इतकं सरळ आहे की कुणालाही पटावं. मलाही पटतं. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे, जिथे ती वाढ उचलून एका शिक्षकाच्या नावावर लिहिली जाते आणि त्यावर त्याची पगारवाढ किंवा नोकरी ठरते.

अमेरिकेने ही पायरी आपल्या आधी चढून पाहिली आहे. टेनेसी राज्याने १९९२ साली कायदाच केला. त्यामागची गणिती रीत विल्यम सँडर्स या संख्याशास्त्रज्ञाची. हे गृहस्थ शेतीविषयक आकडेमोडीतून आलेले. चारा, हवामान, गोठा यांचा परिणाम बाजूला काढून कोणत्या वळूमुळे पुढच्या पिढीचं दूध किती वाढलं, हे सांगणारं गणित पशुपैदाशीत आधीपासून होतं. त्याच जातकुळीची पद्धत त्यांनी शाळेला लावली. मुलाचे मागच्या वर्षांचे गुण घ्यायचे, त्यावरून यंदा किती पडायला हवेत याचा अंदाज बांधायचा. प्रत्यक्ष गुण त्याच्या वर गेले तर श्रेय शिक्षकाचं, खाली आले तर दोषही त्याचाच. वळूचं गणित मास्तरांना लावलेलं तिथल्या शिक्षक संघटनांना किती रुचलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पुढे २००९ मध्ये ओबामा सरकारने राज्यांच्या स्पर्धेसाठी ४.३५ अब्ज डॉलर ठेवले. निधी हवा तर शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांची गुणवाढ धरा, असा त्याचा रोख होता. राज्यांनी भराभर नियम बदलले. २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दैनिकाने सुमारे ६,००० शिक्षकांची गुणवाढीवरची क्रमवारी नावानिशी छापली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सुमारे १८,००० शिक्षकांचे आकडे जाहीर झाले. त्या आकड्यांबरोबर आकडा किती चुकू शकतो, त्याची मर्यादाही दिलेली होती: शंभराच्या मोजपट्टीवर गणितात ३५ आणि इंग्रजीत ५३. म्हणजे ज्या शिक्षकाला मधोमध बसवलं, तो खरा तर वरच्या रांगेतला असू शकतो किंवा खालच्या. तरीही लोकांनी आपल्या मुलाच्या शिक्षकाचं नाव शोधलंच. आपणही शोधलं असतं.

या आकड्यांत काहीच तथ्य नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या वर्गात गुणवाढ जास्त होते अशा शिक्षकांकडे शिकलेली मुलं पुढे कॉलेजात जास्त गेली, मोठेपणी थोडं जास्त कमावू लागली. शिक्षकाने फरक पडतो, हे त्यातून दिसलं. आपल्याला ते आकड्यांवाचूनही माहीत होतं म्हणा. पण २०१४ मध्ये अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने बजावलं की मुलांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्के एवढाच निघतो. बाकी सगळं घर, परिस्थिती, शाळेची व्यवस्था आणि ज्याला मोजताच येत नाही ते.

मग प्रकरणं कोर्टात जाऊ लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या चौथीच्या एका शिक्षिकेला गुणवाढीच्या २० पैकी एका वर्षी १४ गुण मिळाले, पुढच्याच वर्षी १. शिकवणं तेच. मुलंही दोन्ही वर्षी राज्याच्या सरासरीच्या बरीच वर. जी मुलं आधीच वरच्या पायरीवर आहेत त्यांची वाढ चाचणीत दिसणार कुठून? २०१६ मध्ये न्यायाधीशांनी ते १ गुणाचं मूल्यमापन मनमानी ठरवून रद्द केलं. ह्यूस्टनमध्ये तर आकडेमोडीचं सूत्र खाजगी कंपनीचं, गुप्त. आपले गुण बरोबर काढले की नाही हे शिक्षकाला तपासताच येत नसेल तर त्यावर त्याची नोकरी घालवणं न्यायाला धरून होईल का, असा प्रश्न उभा राहिला आणि २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने शिक्षकांचा हा दावा चालण्याजोगा मानला. त्याआधीच, डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने, गुणवाढ शिक्षकाच्या मूल्यमापनात धरण्याचा केंद्राचा आग्रह संपला होता.

आणि अटलांटा. तिथे चाचणीच्या निकालाचा धाक इतका चढला की शिक्षकच उत्तरपत्रिकांवरचे चुकीचे पर्याय खोडून बरोबर करू लागले. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. पुढे ११ जण दोषी ठरले.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याकडे काय, असं कुणी म्हणेल. आपल्याकडचा एक प्रयोग फार मोलाचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी तो आंध्र प्रदेशात केला. ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. शंभर शाळांत शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या मुलांच्या सरासरी गुणवाढीवर बक्षीस, शंभर शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून, आणि शंभर शाळा नुसत्या तुलनेसाठी. सरासरी वाढ पाच टक्क्यांच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. बक्षीस तसं लहानच होतं, वर्षाच्या पगाराच्या तीनेक टक्के. दोन वर्षांत बक्षिसाच्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे गेली. ज्या विषयांवर बक्षीस नव्हतं, त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांतही. मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक बारीक नोंद: शिक्षकांची हजेरी वाढली नाही. जे येत होते तेच, तितकेच दिवस येत होते. आल्यावर मात्र जास्त शिकवत होते, गृहपाठ देत होते, जादा तास घेत होते.

म्हणजे हा उपाय चालतो, असं कुणी म्हटलं तर मी हो म्हणेन. पण त्या प्रयोगातल्या दोन गोष्टी विसरू नयेत. तिथे फक्त बक्षीस होतं, शिक्षा नव्हती. आणि चाचण्या घेणारी, तपासणारी माणसं बाहेरची होती. अझीम प्रेमजी फाउंडेशनने ते काम केलं. वर्गावरच्या शिक्षकाचा हात त्या उत्तरपत्रिकेला लागला नाही.

आता आपल्या शाळांकडे या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचणी आली, संकलित चाचण्या आल्या. अलीकडे त्याच वाटेने नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. साधारण जुलैत, काही वर्षी ऑगस्टमध्ये, पायाभूत, मग दोन संकलित. या चाचण्या घेतं कोण? वर्गशिक्षक. तपासतं कोण? वर्गशिक्षक. पोर्टलवर गुण भरतं कोण? तेच. आज त्या गुणांवर कुणाचा पगार अवलंबून नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ते प्रामाणिकपणे भरले जातात. उद्या अवलंबून केला, तर एप्रिलचे गुण वाढवायची गरजच पडणार नाही. जुलैचे थोडे कमी भरले की झालं. वाढ आपोआप दिसेल. निकालाचे टक्के फुगवायला निदान कॉपीची व्यवस्था करावी लागते. गुणवाढ फुगवायला जुलैत जरा हात आखडला की पुरे!

त्यात आपल्या विदर्भाची गोष्ट आणखी वेगळी. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. चाचणीची तारीख मात्र राज्याला एकच. पुण्याचं मूल तीन-चार आठवडे उजळणी करून पायाभूत चाचणीला बसतं, तेव्हा काटोलचं मूल मे महिन्याच्या झोपेतून नुकतं उठलेलं असतं. यात आपलं मूल खालून सुरुवात करतं, म्हणजे गुणवाढीत आपला फायदाच, असं एखादा हुशार गुरुजी म्हणेलही. पण ज्या मोजणीत उन्हाळ्याच्या सुट्टीचं श्रेय शिक्षकाला मिळतं, तिच्यावर विसंबायचं किती?

पुढे दिवाळी झाली की कापसाची वेचणी. आई शेतावर, मोठी बहीण घरी धाकट्याला सांभाळायला, शाळेत गैरहजर. वीटभट्ट्यांवर छत्तीसगडहून आलेल्या कुटुंबांची मुलं डिसेंबरात दाखल होतात आणि पावसाच्या आधी निघून जातात. जुलैत ती पटावर नव्हती. त्यांची वाढ कुठून मोजायची? आणि त्यांच्यासाठी ज्या बाई खपल्या, त्यांच्या खात्यात काय?

आकड्यांचं सगळ्यात मोठं दुखणं मात्र पटसंख्येचं आहे. कुही, भिवापूर, पारशिवनीकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पट विसाच्या आत. एका वर्गात मुलं सहा. समजा सहाही मुलांची वाढ सरासरी १० गुणांची आहे. त्यातलं एक एप्रिलच्या चाचणीला तापात बसलं आणि १० ने वाढायच्या ऐवजी १४ ने घसरलं. वर्गाची सरासरी १० वरून ६ वर आली. बाकीची पाच मुलं होती तशीच. तेच मूल शहरातल्या पन्नासच्या वर्गात असतं तर सरासरी जेमतेम अर्ध्या गुणाने हलली असती. एका तापाने गावातला शिक्षक नापास, शहरातल्याला त्याचा पत्ताही नाही. शिवाय त्या शाळेत शिक्षक दोन, वर्ग चार. पहिलीपासून चौथीपर्यंत सगळी एकाच खोलीत. गणिताची वाढ कुणाची धरायची, सरांची की मॅडमची? आणि सरांना मतदार यादीच्या कामाला पाठवलं त्या दिवसांचं काय? शहरात हाच गोंधळ उलट्या दिशेने होतो. मूल शाळेत सहा तास आणि ट्यूशनला तीन. वाढ झाली तर शाळा म्हणते आमची, क्लास म्हणतो आमची.

तरीही मोजणी बंद करा, असं मी म्हणणार नाही. बंद केली तर आपल्या हाती पुन्हा फ्लेक्सच उरतो. माझं म्हणणं एवढंच की वाढीचा आकडा शाळेचा धरा, तोही तीन-चार वर्षांची मुलं एकत्र करून. लहान शाळांची गोळाबेरीज शाळा-केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर करा. दहा-बारा शाळांचं केंद्र म्हणजे बोलण्याजोगी संख्या होते. पायाभूत चाचणी शेजारच्या शाळेच्या शिक्षकाकडून घ्या आणि तपासूनही त्याच्याकडूनच घ्या. त्याला फार पैसा लागत नाही. आणि जिथे वाढ कमी दिसेल तिथे पहिल्यांदा नोटीस न धाडता केंद्रप्रमुख किंवा 'डायट'मधला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेतला, माणूस दोन दिवस वर्गात बसू द्या. तो सांगेल, कारण शिकवण्यात आहे की वेचणीत आहे की रिकाम्या पदात. शिकवण्यातच असेल, तर मग त्या शिक्षकाशी स्पष्ट बोलायला माझी काही हरकत नाही. कामचुकार शिक्षक असतात, हे गावाला पोर्टलच्या आधी कळतं.

पालकांनो, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत सह्या करून उठण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा: जुलैत ज्या मुलांना वजाबाकी येत नव्हती, त्यांतल्या किती जणांना आता येते? उरलेली मुलं कोणती आणि ती किती दिवस शाळेत होती? त्यांच्यासाठी शाळेने केंद्राकडे काय मागितलं, आणि काय मिळालं? उत्तर लेखी घ्या, इतिवृत्तात नोंदवा आणि एप्रिलमध्ये तेच पान पुन्हा उघडायला लावा.

नमस्कार.