आपोंगचा चोथा आणि घरचं डुक्कर

श्रोतेहो, नमस्कार.

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या काठी मिसिंग समाजाची गावं आहेत. घरं बांबूच्या खांबांवर उभी आणि डुकरं घराच्या आसपासच. या घरांतल्या बायका तांदळाची आपोंग, म्हणजे आंबवलेली घरगुती दारू, करतात. भात शिजवून गार करायचा, तांदळाचं पीठ आणि रानपाला यांची वाळवलेली वडी त्यात कुस्करायची, आणि आंबत ठेवायचा. आपोंग गाळून घेतली की उरतो तो चोथा. तो जातो डुकरांच्या डोणीत. ज्या हातांनी आपोंग होते, बहुधा त्याच हातांनी डुकरंही पोसली जातात. बाहेरून येणारे सल्लागार या बायकांना खाद्य विकत घ्यायला सांगतात, तेव्हा मला मनापासून वाटतं, की त्यांनी आधी हा चोथा हातात घेऊन पाहावा.

तांदळात प्रथिनं जेमतेम सात-आठ टक्के. बाकी बहुतेक पिष्टच. आंबताना हे पिष्ट साखर होतं आणि साखरेचं मद्य. प्रथिनं मात्र मागे राहतात, त्यात यीस्टची भर पडते, आणि यीस्टबरोबर ब जीवनसत्त्वंही येतात. म्हणजे आंबणं जितकं पुरं होईल तितका सुक्या चोथ्यात प्रथिनांचा वाटा वाढतो. पोरो आपोंगची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात तूस आणि पेंढा जाळून केलेली राख मिसळतात, त्यामुळे तिचा काळा चोथा वजनाला भरतो, पण कसाला कमी.

आता अडचणी. ओल्या चोथ्यात पाणी फार. नुसत्या त्याच्यावर ठेवलेल्या डुकराचं पोट भरतं, अंग भरत नाही. म्हणून त्यात कोंडा, मक्याचा भरडा, उकडलेलं अळू किंवा रताळ्याचे वेल घालावेत. मीठ आणि खनिज मिश्रणही हवं. तांदळाच्या प्रथिनात लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, कमी असतं. थोडी सोयाबीन पेंड मिळाली तर ती उणीव भरते.

दुसरी गोष्ट मद्याची. ऊर्ध्वपातन केलेल्या दारूच्या चोथ्यातून मद्य उडून गेलेलं असतं. आपोंग फक्त गाळतात, म्हणून तिच्या चोथ्यात ते थोडं उरतं. झाकण न ठेवता चांगला उकळला, की बरंचसं निघून जातं. दूध पिणारी पिल्लं आणि गाभण मादी यांना मात्र तो न दिलेलाच बरा. आंबटपणामुळे ताजा चोथा थोडा टिकतो, पण बुरशी दिसली तर सगळाच फेकावा. वरचा थर काढून खालचा घालू नये, कारण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही.

आणि चोथ्याची बादली वेगळी ठेवा. 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग आसामात आला. या रोगावर औषध नाही. चोथा धान्याचा असतो, धोका असतो तो त्याच बादलीत पडणाऱ्या खरकट्याचा, त्यातल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यांचा.