रेक्सचे चिलखत

श्रोतेहो, नमस्कार. आजच्या भाषणाचा विषय आहे ‘मास इफेक्ट’ हा विज्ञानकथेवर आधारलेला रोल-प्लेइंग गेम. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या कंपनीने तो तयार केला, केसी हडसन हे त्याचे दिग्दर्शक होते आणि नोव्हेंबर २००७ मध्ये तो प्रथम एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आला. दुसरा भाग २०१० मध्ये आणि तिसरा २०१२ मध्ये आला. तंत्रात ते दोन्ही अधिक सफाईदार आहेत. तरीही मी आज पहिल्याच भागाविषयी बोलणार आहे, कारण त्याचे गुण आणि दोष एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की दोष वेगळा काढू गेल्यास गुणाचाही एखादा धागा तुटतो.

कथा इसवी सन २१८३ मधील आहे. खेळाडू कमांडर शेपर्ड होतो, पुरुष किंवा स्त्री, जसे त्याला आवडेल तसे, आणि नॉर्मंडी नावाच्या यानातून सेरन या फितूर झालेल्या अधिकाऱ्याचा माग काढतो. शेपर्डचे सर्व संवाद मार्क मीर आणि जेनिफर हेल यांच्या आवाजांत संपूर्ण ध्वनिमुद्रित आहेत. पडद्यावर चक्राकार मांडलेल्या त्रोटक पर्यायांतून आपण एक निवडतो आणि शेपर्ड त्याचे पूर्ण वाक्य बोलतो. कधीकधी आपण सौम्य समजून निवडलेला पर्याय शेपर्डच्या तोंडून चांगलाच झोंबणारा निघतो, ही तक्रार रास्त आहे. पण संभाषण अडखळत नाही, ते वाहते राहते.

गेमचे खरे बळ त्याच्या जगाच्या इतिहासात आहे. क्रोगन नावाची परग्रहवासीयांची एक लढवय्यी जात आहे. रॅकनाय या कीटकसदृश शत्रूशी लढण्यासाठी सालेरियन या दुसऱ्या परग्रही जातीच्या शास्त्रज्ञांनी या क्रोगनांना अंतराळात आणले. युद्ध जिंकल्यावर क्रोगनांची संख्या वाढली, त्यांनी इतरांच्या भूमी बळकावायला सुरुवात केली, तेव्हा त्याच सालेरियनांनी जेनोफाज नावाचे जैविक अस्त्र बनवले आणि तुरियन या तिसऱ्या जातीने ते वापरले. परिणाम असा की क्रोगनांच्या हजार गर्भांमागे जेमतेम एक जगतो. आधी गरजेपोटी वाढवले आणि मग भीतीपोटी खुंटवले: श्रोतेहो, हे लक्षात ठेवावे, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

दोषांची यादी लांब आहे, पण ती मी भराभर सांगतो. माको नावाचे सहा चाकांचे वाहन ओसाड ग्रहांच्या डोंगरांवर चेंडूसारखे उसळते. त्या ग्रहांवरील तळांच्या आतील खोल्या त्याच त्या दोन-तीन आराखड्यांच्या, फक्त पेट्या इकडच्या तिकडे. सामानाची मर्यादा दीडशे वस्तूंची, आणि ती भरली की एकेक बंदूक मोडीत काढत बसायचे. लिफ्ट इतक्या संथ की त्यांच्या नावाने विनोद झाले. या लिफ्टच्या बाबतीत मात्र मी बहुमताच्या विरुद्ध आहे. त्या वेळात सोबतचे दोघे आपसांत बोलतात, आपण मागे केलेल्या पराक्रमांच्या बातम्या कानी पडतात, आणि हल्लीच्या गेमना प्रत्येक क्षण कृतीने भरण्याची जी घाई झालेली असते तिच्यावर हा उतारा मला आवडतो. असो.

आता एका घरगुती प्रसंगाकडे येतो. माझी भाची आणि तिचा धाकटा भाऊ, दोघेही कॉलेजात शिकणारे, एकाच कन्सोलवर हा गेम खेळत होते; सेव्ह, म्हणजे जतन करून ठेवलेला खेळ, मात्र दोघांचे वेगवेगळे. भाच्याला मुख्य कथेचा शेवट गाठायचा होता. भाचीला प्रत्येक मोहिमेनंतर यानाच्या खालच्या मजल्यावर जाऊन सगळ्यांची विचारपूस करण्याची सवय होती. तेथे रेक्स नावाचा वयस्क क्रोगन भाडोत्री योद्धा उभा असतो. तो आधी एका शब्दात उत्तरे देतो, मग हळूहळू मोकळा होतो, आणि एके दिवशी सांगतो की आपल्या घराण्याचे जुने चिलखत परक्यांच्या हाती गेले आहे. भाची ते शोधायला निघाली. ओसाड ग्रह, उसळणारा माको, कड्यावर चढून पुन्हा पुन्हा खाली घसरणे, आणि शेवटी पूर्वी पाहिलेल्या तळासारखाच आणखी एक तळ. भाचा शेजारी बसून हसत होता. चिलखत मिळाले, तर रेक्सच म्हणाला की माझे पूर्वज असले भंगार घालत असत यावर विश्वास बसत नाही. भाच्याला हसू आवरेना.

काही दिवसांनी भाचा व्हर्मायर या ग्रहावर पोहोचला. तेथे सेरनने जेनोफाजवर इलाज शोधून क्रोगनांची फौज उभी करायला घेतली आहे. सालेरियन कॅप्टन किराही याचे म्हणणे असे की प्रयोगशाळा इलाजासकट नष्ट झाली पाहिजे, एकदा केलेली चूक पुन्हा होता कामा नये. आपली संपूर्ण जात ही कोणाची तरी चूक होती, हे रेक्सने ऐकले. तो समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पाण्यात गोळ्या झाडत उभा राहतो. शेपर्ड समजावायला जातो आणि दोघांच्या बंदुका एकमेकांवर रोखल्या जातात. भाच्याच्या पडद्यावर संवादाचे चक्र उघडले, तर मन वळवणारे आणि धाक दाखवणारे दोन्ही पर्याय करड्या रंगात, म्हणजे दिसतात पण निवडता येत नाहीत. कौशल्ये वाढवण्यासाठी गेममध्ये जे गुण मिळतात, ते सारे त्याने नेमबाजीवर खर्च केले होते. उरलेल्यांपैकी एक वाक्य त्याने निवडले आणि अ‍ॅशली या सहकारी सैनिकेच्या गोळ्यांनी रेक्स कोसळला. त्याने सेव्ह पुन्हा उघडले, दुसरे वाक्य निवडले. या वेळी शेपर्डनेच त्याला मारले. व्हर्मायरवर एकदा उतरल्यावर मागे फिरून दुसरीकडे जाण्याची सोय नाही. कंट्रोलर ठेवून भाचा उठून गेला.

नंतर भाची तेथे पोहोचली, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. तीच वाळू, त्याच रोखलेल्या बंदुका. पण तिच्या चक्रात चिलखताची आठवण करून देणारी वाट खुली होती. रेक्सने बंदूक खाली घेतली.

“त्या भंगारासाठी?” भाचा म्हणाला. “ताई, मी त्याला प्रत्येक लढाईत सोबत नेलं. प्रत्येक. त्याचं काहीच नाही?”

“तू त्याच्याशी कधी बोललास का?” तिने विचारले.

“बोललो नसेन. पण शेजारी उभा राहून लढलो की.”

दोघांचे हे भांडण रात्रीपर्यंत चालले आणि मला विचारले गेले तेव्हा मी भाच्याच्या बाजूने मत दिले. गेमला मोजता येते ते हाती घेतलेले काम आणि कौशल्यावर खर्चलेले गुण. खांद्याला खांदा लावून लढलेल्या लढाया त्याच्या खातेवहीत नाहीत. आणि मन वळवण्याचे कौशल्य वाढवायचे, तर शेपर्डची पॅरागॉन, म्हणजे सज्जन, किंवा रेनेगेड, म्हणजे कठोर, ही प्रतिमाही वाढवावी लागते, म्हणून खेळाडू प्रसंग पाहून निर्णय घेण्याऐवजी सुरुवातीलाच एक बाजू धरतो आणि ती शेवटपर्यंत रेटतो. सदसद्विवेकाचा हिशेब ठेवला की माणूस हिशेबासाठी सद्वर्तन करू लागतो. या गेममधील सर्वांत मोठा दोष मी हाच मानतो. पुन्हा सांगतो, माको नव्हे, लिफ्ट नव्हे, हा हिशेब.

पण भाचीचेही एक म्हणणे मला खोडता आले नाही. चिलखत आयते हाती आले असते, तर त्या किनाऱ्यावर तिला त्याचे काही वाटले नसते. गेममधील सर्वांत उत्तम प्रसंगाची एक किल्ली त्यातील सर्वांत कंटाळवाण्या भागात ठेवलेली आहे, आणि तो कंटाळा सोसल्यामुळेच ती किल्ली मोलाची ठरते. लेखकांनी हे जाणूनबुजून केले असेल असे मला वाटत नाही.

त्याच ग्रहावर थोड्या वेळाने आणखी एक निर्णय येतो. प्रयोगशाळा उडवण्यासाठी ठेवलेल्या बाँबपाशी एक सहकारी, किराहीच्या तुकडीसोबत दुसरा. कायडन आणि अ‍ॅशली यांपैकी एकालाच वाचवता येते. येथे कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही, कोणताही पर्याय करडा नाही, कोणतीही जुनी कामगिरी मध्ये पडत नाही. भाचीने बराच वेळ बटण दाबले नाही. भावाने काहीही सुचवले नाही, आणि त्याच्या स्वभावाला ते धरून नव्हते. लेखनाच्या दृष्टीने मला हा प्रसंग रेक्सच्या प्रसंगाहून सरस वाटतो, जरी गोष्ट मी रेक्सचीच सांगत असतो.

हे सेव्ह पुढच्या भागात नेता येते. भाचीच्या दुसऱ्या भागात रेक्स तुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर टोळीप्रमुख म्हणून भेटला; भाच्याला त्याच जागी रेक्सचा भाऊ रीव भेटला, जो उद्धट आहे आणि ज्याच्याशी बोलण्यात त्याला मुळीच रस वाटला नाही.

मे २०२१ मध्ये तिन्ही भाग ‘लेजेंडरी एडिशन’ या नावाने नव्याने आले. त्यात माको बराच आटोक्यात आला आहे, लिफ्ट लवकर पोहोचतात, नको असलेल्या वस्तूंवर खूण करून त्या एकदम मोडीत काढता येतात. व्हर्मायरचा किनारा अधिक देखणा झाला आहे, पण संवादाचे चक्र आणि त्यामागचा हिशेब जुनाच आहे. भाचा सध्या तीच आवृत्ती खेळतो आहे, आणि परवा मी डोकावलो तेव्हा त्याचा माको एका ओसाड डोंगरावर उलटा पडलेला होता.