तीळपाणी आणि बारा नावं

सोलापूरकर श्रोतेहो, नमस्कार. पितृपक्षात पान वाढलं, खीर-वडे झाले, कावळा घासाला शिवला, की आपण निश्चिंत होतो. पण पितरांशी नातं चालू राहतं ते नावं घेऊन दिलेल्या तीळपाण्यानं, म्हणजे तर्पणानं, आणि घाई नेमकी तिथंच होते.

नावं बारा. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. तसेच आईच्या माहेरचे तीन पुरुष आणि त्यांच्या पत्नी. हयात माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि वडील हयात असतील तर तर्पण त्यांनीच करावं. अडतं कुठं, तर आईकडच्या पणजीपाशी. तिचं नाव कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. घरातल्या थोरल्या आत्याला, मावशीला आजच विचारा. नाव, गोत्र, तिथी वहीत उतरवा.

तिथी मृत्यूच्या वेळेची धरायची, त्या दिवशीच्या सूर्योदयाची नव्हे. मोबाइलवर शोधताना आणखी एक जपा. उत्तरेकडच्या पंचांगात वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं. आपला भाद्रपद वद्य तिथं आश्विन दिसतो. वर्षश्राद्ध त्यामुळे महिनाभर चुकू शकतं. तिथी ठाऊकच नसेल तर पक्षातलं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करा.

आता कृती. तोंड दक्षिणेला, जानवं असेल तर उजव्या खांद्यावर. समोर परात, हाती दर्भ, तीळ काळेच. गोत्र आणि नाव उच्चारून पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं. बोटांच्या टोकांवरून सोडलेलं पाणी देवांचं, ही चूक फार होते. प्रत्येकाला तीनदा, म्हणजे बारा नावांना 36 वेळा. एका फुलपात्रात भागत नाही, मग मधेच उठावं लागतं आणि नावांचा क्रम तुटतो. दीड-दोन लिटरचा तांब्या शेजारी असू द्या. परातीतलं पाणी झाडाच्या मुळाशी घाला. सिद्धेश्वर तलावाकाठी तर्पण केलंत, तरी पत्रावळ्या आणि पिशव्या पाण्यात सोडू नका.

सगळ्या घरांची रीत एक नाही. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत सर्वपित्री म्हणजे पेत्रमास. तांदूळ, डाळ, भाजी असा कोरडा शिधा पूर्वजांच्या नावानं द्यायचा, आणि त्याच संध्याकाळी बतुकम्माची, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाची, फुलं रचायला बसायचं. मुलगा नाही म्हणून पाणी थांबवलेली घरंही आहेत. तिथं मुलीनं तीळपाणी द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बारा नावं तिलाही पाठ असू द्या.